बॉनेटखालचं कूळ

२८ एप्रिल १९४०. युरोपात युद्ध पेटलं होतं, पण इटली अजून त्यात उतरली नव्हती आणि ब्रेशिया शहरात मोटारींची मोठी शर्यत ठरल्याप्रमाणे भरली होती. एरवी ही ‘मिले मिलिया’ म्हणजे ब्रेशियाहून रोम गाठून परत येण्याची हजार मैलांची दौड. त्या वर्षी मात्र ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतुआ यांना जोडणाऱ्या रस्त्यावर नऊ फेऱ्या मारायच्या होत्या. दीड लीटरच्या गटात दोन कोऱ्या करकरीत गाड्या उभ्या होत्या. आठ सिलिंडर आणि दीड लीटर, म्हणून नाव ८१५. एकीचं स्टिअरिंग एकवीस वर्षांच्या आल्बेर्तो आस्कारीच्या हाती होतं, दुसरीचं लोतारिओ रांगोनी या उमरावाच्या. गाड्या बांधणारी कंपनी मोदेना गावची, ‘औतो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी’. तिचा मालक एंझो फेरारी.

गाडीवर फेरारी हे नाव नव्हतं, कारण ते लावायची त्याला मुभा नव्हती. १९३९ मध्ये अल्फा रोमिओतून बाहेर पडताना, पुढची चार वर्षं शर्यतींत आपलं नाव वापरणार नाही, असं त्याला कबूल करावं लागलं होतं. शौकिनांच्या गप्पांत ‘पहिली फेरारी कोणती’ हा प्रश्न निघाला की बहुतेक जण १९४७ ची ‘१२५ एस’ सांगतात, आणि कागदोपत्री ते बरोबरच आहे. पण फेरारीने स्वतःच्या जबाबदारीवर बांधलेली पहिली गाडी हवी असेल तर ८१५ कडे जावं लागतं, आणि तिथे खरी गंमत बॉनेट उघडल्यावर आहे.

गाडी बांधायला जेमतेम चार महिने मिळाले होते. एवढ्या वेळात आठ सिलिंडरांचं इंजिन शून्यातून उभं करणं अशक्य. शिवाय फियाटचे भाग वापरून बांधलेल्या आणि शर्यतीत नंबर काढणाऱ्या गाड्यांना फियाटने बक्षीस जाहीर केलं होतं. मग आल्बेर्तो मास्सिमिनो या इंजिनिअरने फियाटची १९३७ सालची ‘५०८ सी’, म्हणजे नवी बालिल्ला ११००, समोर घेतली. चार सिलिंडर, व्हॉल्व्ह वरून हेडमध्ये बसवलेले, साधं आणि दणकट इंजिन. त्याने अशा दोन इंजिनांची हेडं एकामागे एक जोडून बसवली. खालचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा नवा ओतून घेतला, आठ सिलिंडरांचा लांब क्रँक आणि कॅमशाफ्ट नवे केले. सिलिंडर मूळ फियाटपेक्षा बारीक, ६३ मिलिमीटरचा, आणि स्ट्रोक ६० चा. अशी एका रांगेत आठ भांडी आणि १४९६ सीसी.

शर्यत काही त्यांना लाभली नाही. आस्कारीची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. रांगोनी आपल्या गटात बराच पुढे होता, पण शेवट जवळ आलेला असताना त्यालाही थांबावं लागलं. पुढे युद्धाने सगळंच थांबवलं. आस्कारी त्यातून तरला आणि १९५२ व १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं फेरारीच्या गाडीत जगज्जेता झाला.

या ‘५०८ सी’चं इंजिन दान्ते जाकोसा या फियाटच्या इंजिनिअरच्या हाताखाली घडलं होतं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. युद्ध संपल्यावर तोरिनोच्या पिएरो दुसिओ या उद्योगपतीने ‘चिसितालिया’ नावाने गाड्या काढल्या, तेव्हा त्याने हेच इंजिन घेतलं. जाकोसानेच त्याला ‘डी ४६’ ही छोटी एकआसनी रेसिंग कार आखून दिली. १९४६ मध्ये तोरिनोच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारीच्या गाडीचं स्टिअरिंग निखळून हातात आलं आणि तरीही तो उरलेला दांडा धरून गाडी चालवत राहिला, ती गाडी हीच. पाठोपाठ पिनिन फारिनाने घडवलेली ‘चिसितालिया २०२’ आली. फेंडर, बॉनेट आणि दिवे एकाच अखंड पत्र्यात वितळून गेल्यासारखी ती दिसते. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने १९५१ मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा ती त्यात मांडली होती, आणि आता ती संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात आहे. तिच्या बॉनेटखाली फियाटचं ते १०८९ सीसीचं इंजिनच आहे.

आता कुर्ल्याला येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला तिथे अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. मग फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. या गाडीचं इंजिन म्हणजे ‘५०८ सी’च्याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ती होती, बोअर ६८, स्ट्रोक ७५. इटलीत १९६२ मध्ये ‘११०० डी’ आली तेव्हा फियाटने बोअर वाढवून १२२१ सीसी केलं. आपल्याकडे ‘११०० डी’चं अंग आलं, इंजिन मात्र १०८९ चंच राहिलं. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी नियमानुसार रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगावर, स्टिअरिंगला जोडलेल्या गिअरवर, सिनेमांतल्या आठवणींवर लिहिलं. ते योग्यच होतं. पण फेरारीच्या पहिल्या गाडीचं हेड, नुव्होलारीची डी ४६ आणि दादर स्टेशनबाहेर रांगेत उभी असलेली टॅक्सी हे एकाच इंजिनाचे वंशज आहेत, ही गोष्ट त्यात फारशी कुठे आली नाही. मला या इंजिनाबद्दलची सर्वांत मोठी बातमी तीच वाटते.

गाडीचं नाव, चिन्ह, पत्रा, कारखाना, देश हे सगळं बदलतं आणि इंजिन पुढे चालत राहतं. गाड्यांचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी लावला की तो तुटक दिसतो. इंजिनांच्या अंगाने लावला की सलग लागतो. त्यासाठी दोन आकडे पुरतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन खालपासून वरपर्यंत जेवढा सरकतो तेवढं अंतर. ६८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर भरतं. त्याला साडेसातने आणि मग चार सिलिंडरांनी गुणलं की १०८९ येतात. सीसीचा आकडा दोन वेगळ्या इंजिनांचा योगायोगाने सारखा येऊ शकतो. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही जुळले की मात्र नातं असण्याचा संशय घ्यायला हरकत नाही, आणि बहुतेकदा तो खरा निघतो.

इंजिन एवढं टिकतं याचं कारण लोखंड ओतण्याच्या आणि कापण्याच्या खर्चात आहे. पत्र्याचे डाय बदलायलाही पैसे लागतात, पण इंजिनाचा ब्लॉक ज्या यंत्रांच्या रांगेवर तयार होतो ती रांग एकाच मापासाठी बांधलेली असते. चार सिलिंडर एकाच वेळी बोअर करणाऱ्या चार अवजारांमधलं अंतर पक्कं असतं. ते बदलायचं म्हणजे अख्खी रांग नवी उभारायची. म्हणून इंजिनिअर दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर तसंच राखतात आणि त्याच्या आत बोअर मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वाढवतात, क्रँक बदलून स्ट्रोक लांबवतात. प्लॉट तोच ठेवून घर वाढवत न्यावं, तसा हा प्रकार. आणि कंपनीला इंजिन नकोसं झालं की ती यंत्रांची रांगच विकून टाकते. विकत घेणाऱ्याला दहा वर्षांची मेहनत आयती मिळते.

या व्यवहारांचा सर्वांत नाट्यमय नमुना अमेरिकेत घडला. १९६१ मध्ये जनरल मोटर्सने ब्युइक, ओल्ड्समोबील आणि पॉन्टिअ‍ॅक या आपल्या तीन शाखांच्या छोट्या गाड्यांसाठी संपूर्ण अॅल्युमिनियमचं व्ही-आठ इंजिन काढलं. साडेतीन लीटर, वजन साधारण १४४ किलो. त्या काळी अमेरिकेत व्ही-आठ म्हणजे बिडाचा ठोकळा आणि वजन त्याच्या दुपटीच्या घरात. ओल्ड्समोबीलने १९६२ मध्ये त्याला टर्बो जोडून ‘जेटफायर’ बाजारात आणली. टर्बो असलेल्या जगातल्या अगदी पहिल्या विक्रीच्या गाड्यांपैकी ती एक. २१५ घन इंच आणि २१५ अश्वशक्ती. एवढ्या दाबाने पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जायचं, आणि कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. लोक ती बाटली भरायला विसरत. अखेर बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून कंपनीने त्यांना साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

अॅल्युमिनियमचं ओतकाम महाग पडत होतं, ओतलेल्या ब्लॉकांपैकी बरेच बाद होत होते. १९६३ नंतर जनरल मोटर्सने ते बंद केलं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

त्याच सुमाराला ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत होते. आपली इंजिनं बोटींसाठी विकता येतील का हे पाहायला ते विस्कॉन्सिनमधल्या मर्क्युरी मरीनच्या कारखान्यात गेले, आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांना हे ब्युइकचं इंजिन पडलेलं दिसलं. रोव्हरच्या चार सिलिंडरी इंजिनाच्या जागेत बसेल एवढंच आकारमान, वजनही जवळपास तेवढंच, आणि सिलिंडर मात्र दुप्पट. गेले होते विकायला आणि घेऊन आले विकत. १९६५ च्या जानेवारीत हक्कांचा करार झाला. एवढ्यावर रोव्हर थांबली नाही. ब्युइकमध्ये हे इंजिन ज्यांनी घडवलं ते जो टर्ली निवृत्तीला टेकले होते. त्यांनाच रोव्हरने इंग्लंडला बोलावून घेतलं. कागदावरच्या नकाशांत न लिहिलेलं पुष्कळ काही असतं, आणि ते माणसासोबतच यावं लागतं, हे रोव्हरने ओळखलं होतं. या सगळ्या व्यवहारातली ही मला सर्वांत शहाणपणाची चाल वाटते. ओतकामाची पद्धतही बदलली आणि बाद ब्लॉकांचा प्रश्न सुटला.

१९६७ मध्ये ते रोव्हरच्या ‘पी ५ बी’त बसलं. नावातला ‘बी’ म्हणजे ब्युइक. ब्रिटिश पंतप्रधानांच्या दिमतीला हीच गाडी असायची. मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्या हिच्यातून. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली ती या इंजिनावर. मॉर्गन, एमजी, ट्रायम्फ, टीव्हीआर सगळ्यांनी ते वापरलं. लँड रोव्हर डिस्कव्हरीतून ते २००४ मध्ये गेलं. अमेरिकेने तीन वर्षांत टाकून दिलेलं इंजिन इंग्लंडमध्ये जवळपास चार दशकं चाललं.

मधल्या काळात त्याने एक जागतिक अजिंक्यपदही मिळवून दिलं. १९६६ मध्ये फॉर्म्युला वनची मर्यादा दीड लीटरवरून तीन लीटर झाली आणि बहुतेक संघांकडे धड इंजिनच नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबमने मेलबर्नच्या रेप्को कंपनीला गाठलं. तिथे फिल अर्व्हिंग यांनी ओल्ड्समोबीलचा हा टाकाऊ ठरलेला ब्लॉक घेतला आणि वर नवी हेडं, दोन्ही बाजूंना एकेक ओव्हरहेड कॅम बसवून तीन लीटरचं इंजिन तयार केलं. विंसेंट मोटारसायकलींची इंजिनं घडवणारे अर्व्हिंग ते हेच. शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमीच. पण हलकं आणि न रुसणारं. ब्रॅबमने त्या मोसमात फ्रान्स, ब्रिटन, हॉलंड आणि जर्मनी अशा लागोपाठ चार शर्यती मारल्या आणि स्वतःच्या नावाच्या गाडीत जगज्जेता झाला. असं दुसऱ्या कुणालाही आजवर जमलेलं नाही.

याच व्ही-आठचा एक धाकटा भाऊ होता. १९६२ मध्ये ब्युइकने त्याचे दोन सिलिंडर कमी करून बिडाचं व्ही-सहा काढलं. व्ही-सहाला खरं तर ६० अंशांचा कोन सोयीचा. पण यंत्रांची रांग व्ही-आठची, ९० अंशांची, म्हणून हेही ९० अंशांचं झालं आणि त्यामुळे ते थोडं थरथरायचं. १९६७ मध्ये जनरल मोटर्सने त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसरला विकली. जीप पुढे अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९७१ मध्ये तिने हे इंजिन बंद केलं; यंत्रं पडून राहिली. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, मोठ्या इंजिनांच्या गाड्या कुणी घेईना, आणि जनरल मोटर्सला आपल्या छोट्या व्ही-सहाची आठवण झाली. १९७४ मध्ये त्यांनी आपलीच यंत्रं परत विकत घेतली. १९७७ मध्ये क्रँकच्या पिना दुभागून थरथर घालवली. हेच इंजिन टर्बो लावून १९८७ च्या काळ्या ‘ब्युइक जीएनएक्स’मध्ये बसलं, आणि ‘३८००’ या नावाने २००८ पर्यंत तयार होत राहिलं.

आपल्या अँबॅसडरची गोष्ट यापुढे सरळ आहे, पण तिच्यातही एक सुखद धक्का आहे. गाडी म्हणून ती मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, हे सगळ्यांना माहीत असतं. सुरुवातीची साइड व्हॉल्व्हची मशीन गेल्यावर १९५९ मध्ये तिच्यात ‘बीएमसी’चं बी-सिरीज इंजिन आलं: बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९, १४८९ सीसी. इंग्लंडमध्ये १९५५ पासून ‘एमजीए’ या देखण्या, दोन आसनी, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसी इंजिन होतं, फक्त दोन कार्ब्युरेटर लावून जरा तापट केलेलं. सरकारी पांढऱ्या अँबॅसडरला आणि एमजीएला कुणी शेजारी उभं केलं तर डोळ्यांना नातं पटणार नाही. बॉनेट उघडलं की पटतं.

जीपच्या बाबतीत तर इंजिनाने गाडीचा चेहराच बदलला. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप बार्नी रूस यांनी घडवलेल्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनावर धावायची. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असत, त्यामुळे हेड म्हणजे जवळपास नुसतं सपाट झाकण. युद्धानंतर जास्त शक्ती हवी झाली तेव्हा विलिसने खालचं इंजिन बोअर-स्ट्रोकसकट तसंच, २१९९ सीसीचं ठेवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहू दिले आणि इनलेट व्हॉल्व्ह उचलून हेडमध्ये नेले. हे ‘हरिकेन’. व्हॉल्व्ह वर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली बसेना. मग १९५३ च्या ‘सीजे-३बी’ला विलिसने बॉनेटच उंच करून दिलं. ही गाडी महिंद्रने पुढे वर्षानुवर्षं बनवली. आपल्याकडे जीपवाले ‘लो बॉनेट’ की ‘हाय बॉनेट’ असं विचारतात, त्या फरकाच्या मुळाशी इनलेट व्हॉल्व्हची जागा आहे.

पेट्रोल परवडेनासं झालं तशी महिंद्रने प्यूजोकडून ‘एक्सडीपी’ डिझेल इंजिनाचं तंत्र घेतलं आणि त्यासाठी इगतपुरीला कारखाना उभारला. गावोगावच्या महिंद्र जीपमध्ये त्यानंतर कित्येक वर्षं फ्रेंच डिझेल होतं. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ‘ओएम ६१६’ हे २.४ लीटरचं डिझेल परवान्याखाली बनवायला घेतलं. १९७३ पासून मर्सिडीज ‘२४० डी’त बसणारं, युरोपातल्या टॅक्सीवाल्यांच्या पसंतीचं हे इंजिन. बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ ही वडापची गाडी त्याच्यावर चालली. घाटात वीस माणसं आणि टपावर पोती घेऊन चढताना त्याच्यावर जो भार आला तो श्टुटगार्टमध्ये कुणी गृहीत धरला नसेल. तरी ते पुरून उरलं.

मारुती ८०० चे तीन सिलिंडर जपानच्या कायद्यातून आले. तिथे छोट्या ‘केई’ गाड्यांना करात सवलत मिळायची, पण १९७६ पासून इंजिनाची मर्यादा ५५० सीसी होती. म्हणून सुझुकीच्या छोट्या गाडीत ६२ बोअर आणि ६० स्ट्रोकचं ५४३ सीसीचं इंजिन असायचं. निर्यातीला तो कायदा लागू नव्हता. तिथे ६८.५ आणि ७२ करून ७९६ सीसी झाले, आणि डिसेंबर १९८३ मध्ये भारतीयांच्या हाती आलं ते हे इंजिन. पुढे १२ व्हॉल्व्हच्या रूपात पण तेवढ्याच मापात ते अल्टो ८०० मध्ये २०२३ पर्यंत राहिलं.

आता डिझेलकडे, आणि पुन्हा फियाटकडे. जुन्या डिझेलमध्ये पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने दाबून इंधन पाठवायचा, म्हणजे दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून. फियाटच्या संशोधन केंद्रात आणि मान्येती मारेल्लीत मारिओ रिक्को यांच्या गटाने दुसरी व्यवस्था पक्की केली: एका जाड नळीत इंधन सतत प्रचंड दाबाखाली ठेवायचं आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्याने हवा तेव्हा, हवा तेवढा वेळ उघडायचा. हीच कॉमन रेल. आधी इंधनाचा एक थेंब सोडून ज्वाला पेटवायची आणि मग मुख्य मात्रा द्यायची, हे यामुळे शक्य झालं आणि डिझेलचा खडखडाट निम्मा गेला. १९९४ मध्ये फियाटने हे तंत्र बॉशला दिलं, आणि आज ते बहुतेकांना बॉशचंच वाटतं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. विक्रीच्या गाडीत ते पहिल्यांदा आलं १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये. तिच्या १.९ लीटर इंजिनाचं माप ८२ बोअर, ९०.४ स्ट्रोक.

२००३ मध्ये फियाट आणि जनरल मोटर्सने मिळून छोटं भावंड काढलं, १.३ मल्टिजेट: ६९.६ आणि ८२, १२४८ सीसी. एका फेरीत इंधनाचे पाचपर्यंत फवारे मारता येत, म्हणून मल्टिजेट. २००७ मध्ये स्विफ्ट डिझेलमधून ते भारतात घरोघर पोचलं. मारुती त्याला ‘डीडीआयएस’ म्हणायची आणि मानेसरला परवान्याखाली बनवायची. टाटांच्या व्हिस्टा आणि मांझात ते ‘क्वाड्राजेट’ होतं, शेव्हरोलेत ‘स्मार्टेक’. फियाटच्या लिनिआ आणि पुंतोत खऱ्या नावाने. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ते तयार व्हायचं. एकमेकांशी हाडवैर असलेल्या कंपन्यांच्या शोरूममध्ये एकच इंजिन उभं होतं, म्हणून शौकिनांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली. कुर्ल्याची प्रीमियर तोवर चिंचवडला ‘रिओ’ नावाची छोटी एसयूव्ही बनवत होती. २०१२ मध्ये तिलाही हे इंजिन बसलं आणि प्रीमियरच्या गाडीत पुन्हा एकदा फियाटचं यंत्र धडधडू लागलं. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर मारुतीने डिझेल सोडलं आणि १.३ मल्टिजेटची भारतातली वाट तिथे थांबली.

रांजणगाव मात्र थांबलं नाही. २०१७ च्या जीप कंपासमध्ये आणि २०१९ च्या टाटा हॅरिअर व एमजी हेक्टरमध्ये फियाटचं दोन लीटरचं डिझेल आलं, आणि ते रांजणगावातच तयार होतं. टाटा त्याला ‘क्रायोटेक’ म्हणतात. एमजीची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे. एमजीएमध्ये आणि अँबॅसडरमध्ये एकच इंजिन होतं त्या काळापासून हे चिन्ह पाहत आलेल्या माणसाला हेक्टरच्या बॉनेटखाली अमेरिकन जीपचं आणि टाटांचं भावंड सापडतं. १९५६ सीसी, बोअर ८३, स्ट्रोक ९०.४. अल्फा १५६ च्या डिझेलपेक्षा बोअर एका मिलिमीटरने मोठा, आणि स्ट्रोक तोच.